विहीर जिथे गळते, नेमका तिथेच कायदाही गळतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील सबीन पास टर्मिनलहून निघालेले 'मेरिडियन स्पिरिट' हे जहाज ३० मार्च २०१८ रोजी दाभोळला लागले. 'गेल'ने अमेरिकी कंपन्यांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांतला तो पहिला द्रवरूप नैसर्गिक वायू. सबीन पासहून वर्षाला ३५ लाख टन आणि मेरीलँडमधल्या कोव्ह पॉइंटहून २३ लाख टन, असा एकूण ५८ लाख टनांचा हा व्यवहार आहे. या वायूविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक वेळा भावाची, नाहीतर 'कोळशापेक्षा स्वच्छ इंधन' या एका विशेषणाची. जाळताना तो कोळशापेक्षा स्वच्छ असतो, हे खरेच आहे. पण तो जमिनीतून कसा काढतात, त्या कामाचे नियम कोणी लिहिले आणि ते लिहिताना कोणाचा पैसा हलत होता, हे आपल्या वाचकांसमोर फारसे येत नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, कारण तपशील गाळले तर मुद्दाच उरत नाही.

शेल नावाच्या घट्ट खडकातून वायू काढताना नुकसान कुठे होते, या जागा अभियंत्यांना नेमक्या ठाऊक आहेत. नळाभोवतीचे सिमेंट, पाण्यात मिसळलेली रसायने, परत येणारे खारे पाणी, साठवण टाक्यांची झाकणे आणि वायू संपल्यावर सोडून दिलेली विहीर. यांतल्या जवळपास प्रत्येक जागेवर उपाय आहे आणि तो महाग असला तरी अशक्य नाही. अमेरिकी कायद्यात मात्र नेमक्या याच जागांवर सूट दिलेली आढळते, आणि ती सूट कशी मिळाली याचा माग काढला की तीच ती मोजकी, अतिश्रीमंत माणसे आणि त्यांच्या देणग्या समोर येतात.

आधी विहीर समजून घेऊ. पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो आणि न्यू यॉर्क या राज्यांखाली मार्सेलस नावाचा शेल खडक पसरलेला आहे. पेनसिल्व्हेनियात जिथे वायू काढतात तिथे तो साधारण दीड ते अडीच किलोमीटर खोल आहे. वायू त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत कोंडलेला असतो आणि खडक इतका घट्ट असतो की नुसती बोअर मारून काही हाती लागत नाही. म्हणून बोअर सरळ खाली नेतात, हळूहळू आडवी वळवतात आणि खडकाच्या थरातूनच दीड-तीन किलोमीटर पुढे नेतात. आत पोलादी नळ एकात एक बसवलेले असतात. सर्वांत बाहेरचा रुंद आणि आखूड, त्याच्या आत भूजलाच्या थराखालपर्यंत जाणारा दुसरा, मग बहुधा एक मधला, आणि शेवटी पार टोकापर्यंत जाणारा साधारण साडेपाच इंचांचा उत्पादन-नळ. दोन नळांमधल्या आणि नळ व खडकामधल्या कंकणासारख्या पोकळीत खालून वर सिमेंट चढवतात. आडव्या भागात लहान स्फोटके वापरून नळाला भोके पाडतात आणि मग तुकड्यातुकड्याने, प्रचंड दाबाने पाणी आत ढकलतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ७०० पटींपर्यंत जातो. खडक तडकतो, पाण्याबरोबर गेलेली वाळू त्या तडांत अडकून त्या उघड्या ठेवते आणि वायू वाहू लागतो.

एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते, हल्लीच्या लांब विहिरींना त्याहून बरेच अधिक. त्यात सुमारे ९० टक्के पाणी, ९ टक्क्यांच्या आसपास वाळू आणि उरलेली रसायने. कंपन्यांच्या जाहिरातींत 'रसायने फक्त एक टक्का' असे छापतात. दोन कोटी लिटरचा एक टक्का म्हणजे दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, जंतू मारायला ग्लुटाराल्डिहाइड असते, नळात क्षार साचू नयेत म्हणून इथिलीन ग्लायकॉल असते, घर्षण कमी करायला पॉलिअॅक्रिलअमाइड असते. काही ठिकाणी पाणी दाट करायला गवारीच्या बियांचा डिंक वापरतात. २०१२ मध्ये राजस्थानात गवारीचे भाव एवढे चढले ते याच मागणीमुळे. गवारीने कोणाचे वाईट होत नाही. बाकीच्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

आता बिघडते कुठे? खोल खडकातली तड दोन किलोमीटर वर चढून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचते, असा आरोप अनेकदा केला जातो आणि कंपन्या तो आनंदाने खोडतात, कारण बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. खरी वाट वेगळी आहे. मार्सेलसच्या वर, कमी खोलीवर, वायूचे लहान साठे असतात. बोअर त्यांना छेदून खाली जाते. नळ बोअरच्या मध्यभागी बसला नाही आणि एका बाजूला टेकला, की त्या बाजूला सिमेंट पातळ जाते. बोअरच्या भिंतीवरचा चिखल नीट धुतला नाही तर सिमेंट खडकाला चिकटत नाही. सिमेंट घट्ट होण्याच्या काळात त्याचा दाब उतरतो आणि तेवढ्यात वायू त्यातून बारीक वाटा कोरतो. कधी सिमेंट ठरलेल्या उंचीपर्यंत चढवलेलेच नसते. मग हा उथळ वायू नळाच्या बाहेरून वर सरकतो आणि घरगुती विहिरींच्या पाण्यात शिरतो. उपाय सगळ्यांना माहीत आहेत: नळ मध्यभागी धरणाऱ्या कड्या पुरेशा संख्येने लावणे, ध्वनिलहरींनी सिमेंटची पकड तपासणे, विहिरीच्या तोंडाशी दोन नळांमधल्या पोकळीवर दाबमापक बसवून त्याची नोंद ठेवणे, आणि सिमेंट पूर्ण घट्ट होईपर्यंत पुढचे काम थांबवणे. या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. रिग, म्हणजे बोअर मारण्याची यंत्रणा, दिवसाच्या भाड्याने घेतलेली असते, त्यामुळे घाई नेमकी इथेच केली जाते.

पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक या गावात हेच घडले. १ जानेवारी २००९ रोजी तिथे एका घरगुती विहिरीत साठलेल्या मिथेनचा, म्हणजे नैसर्गिक वायूच्या मुख्य घटकाचा, स्फोट झाला आणि विहिरीवरची काँक्रीटची जाड फरशी फुटली. राज्याच्या पर्यावरण खात्याने कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीच्या वायूच्या सदोष विहिरींना जबाबदार धरले आणि सुमारे २३ चौरस किलोमीटरच्या टापूत नव्या विहिरींना मनाई केली. २०१० च्या अखेरीस ४१ लाख डॉलरची तडजोड झाली. नंतर राज्याच्या महान्यायवाद्यांनी फौजदारी आरोप ठेवले, ते २०२० मध्ये. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने, आता कोटेरा या नव्या नावाने, एका किरकोळ गुन्ह्याबाबत आरोप नाकारणार नाही अशी भूमिका घेतली आणि गावाला नळाचे पाणी आणण्यासाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर द्यायचे कबूल केले. स्फोटापासून या तडजोडीपर्यंत जवळपास चौदा वर्षे गेली, आणि तेवढा काळ या गावातली अनेक कुटुंबे बाहेरून आणलेल्या पाण्यावर किंवा गाळणी यंत्रांवर जगली.

मग पाण्याचे रक्षण करणारा केंद्रीय कायदा काय करत होता? १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा जमिनीत काहीही दाबून सोडण्यावर परवान्याचे बंधन घालतो. १९९७ मध्ये अॅलाबामातल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की फ्रॅकिंगही त्यात येते. चार वर्षांनी डिक चेनी उपाध्यक्ष झाले. त्याआधी १९९५ ते २००० ते हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते आणि ही कंपनी फ्रॅकिंगची सेवा विकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी आहे. २००१ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय ऊर्जा धोरण ठरवणारा गट बसला. त्यात कोणाकोणाशी बोलणी झाली हे सांगायला त्यांनी नकार दिला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भेटणाऱ्यांत एन्रॉनचे केनेथ ले होते हे मात्र बाहेर आले. दाभोळच्या वाचकाला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागू नये.

२००४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, एक अहवाल काढला. कोळशाच्या थरांतल्या वायूसाठी केलेल्या फ्रॅकिंगचा पिण्याच्या पाण्याला धोका नगण्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. संस्थेतलेच एक अभियंता वेस्टन विल्सन यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना पत्र लिहून दाखवून दिले की तो तपासणाऱ्या सात तज्ज्ञांपैकी पाच जणांचे हितसंबंध गुंतलेले होते. अहवाल तसाच राहिला. ८ ऑगस्ट २००५ रोजी ऊर्जा धोरण कायद्यावर अध्यक्षांची सही झाली आणि त्याच्या ३२२ व्या कलमाने पेयजल कायद्यातली व्याख्याच बदलली. फ्रॅकिंगसाठी सोडलेले द्रव 'भूमिगत अंतःक्षेपण' या व्याख्येतून वगळले. अपवाद फक्त डिझेलचा. लोक या कलमाला 'हॅलिबर्टन पळवाट' म्हणतात. पुढचे ३२३ वे कलमही वाचण्यासारखे आहे. वायूच्या जागेवरून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या गाळाला त्याने परवान्यातून सूट दिली.

डिझेलचा अपवाद तरी पाळला गेला का? काँग्रेसमधल्या तीन सदस्यांनी कंपन्यांकडून आकडे मागवले. २००५ ते २००९ या काळात १९ राज्यांत मिळून ३ कोटी २२ लाख गॅलन डिझेल किंवा डिझेलयुक्त द्रव जमिनीत गेल्याचे जानेवारी २०११ मध्ये उघड झाले. लिटरमध्ये हे १२ कोटींहून अधिक भरते. यांपैकी कशालाही परवाना घेतलेला नव्हता. ही पळवाट बंद करणारे विधेयक २००९ पासून पुनःपुन्हा मांडले गेले आणि एकदाही मंजूर झाले नाही. द्रवात काय आहे हे सांगण्यासाठी २०११ मध्ये 'फ्रॅकफोकस' ही नोंदवही सुरू झाली. पण तिथे 'व्यापारी गुपित' असे लिहून रसायनाचे नाव झाकता येते. यात खरी अडचण अशी की शेजारच्या घरातल्या विहिरीचे पाणी आधीच तपासून ठेवायचे तर काय तपासायचे हे प्रयोगशाळेला माहीत हवे. नाव झाकले की 'आधी पाणी चांगले होते' हे सिद्ध करण्याचा मार्गच बंद होतो.

पेनसिल्व्हेनियाने तर २०१२ च्या 'अॅक्ट १३' मध्ये डॉक्टरांवरही बंधन घातले. रुग्णाच्या उपचारासाठी गुप्त रसायनाचे नाव हवे असेल तर डॉक्टरांनी गुप्ततेचा करार करायचा. याच कायद्याने गावांचा आणि नगरपालिकांचा जमीनवापर ठरवण्याचा अधिकार काढून घेतला. निवासी भागातही विहिरीला परवानगी देणे सक्तीचे केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये जमीनवापराची कलमे आणि सप्टेंबर २०१६ मध्ये डॉक्टरांवरचे बंधन रद्द केले, हे त्या न्यायालयाचे आणि खटला लढवणाऱ्या छोट्या गावांचे श्रेय. परंतु वायूवर उत्पादनाच्या प्रमाणात कर नाही, ही तरतूद टिकली. त्याऐवजी विहिरीमागे ठरावीक शुल्क आहे. वायू दुप्पट निघाला तरी शुल्क दुप्पट होत नाही. मोठे वायू-उत्पादक राज्य असूनही असा कर नसलेले हे एकमेव राज्य आहे. त्यावेळचे गव्हर्नर टॉम कॉर्बेट वायू उद्योगाच्या देणग्या आणि 'नवा कर लावणार नाही' असे लेखी वचन, या दोन्हींसह निवडून आले होते.

इथे जमिनीच्या मालकीचा मुद्दा येतो. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज खासगी मालकीचे असू शकते आणि ते वरच्या जमिनीपासून वेगळे विकताही येते. कंपनीचे माणूस घरोघरी जाऊन भाडेपट्टा लिहून घेते. डिमॉकच्या भागात सुरुवातीला एकरी २५ डॉलरवर सह्या झाल्या. पुढे स्पर्धा वाढल्यावर काही ठिकाणी भाव ५,००० डॉलरपर्यंत गेला. ज्याने आधी सही केली तो बांधला गेला. याच खडकावर उद्योजक टेरी पेगुला यांनी आपली ईस्ट रिसोर्सेस कंपनी २०१० मध्ये ४७० कोटी डॉलरला विकली. १९७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला किमान साडेबारा टक्के रॉयल्टीची हमी आहे. पण २०१० मध्ये न्यायालयाने वायू गोळा करणे, वाळवणे, दाबणे आणि वाहून नेणे यांचा खर्च त्यातून वजा करायला परवानगी दिली. वजावट किती हे कंपनी ठरवते आणि पुष्कळदा वाहतूक करणारी कंपनीही त्याच समूहातली असते. काही कुटुंबांच्या हाती या वजावटीनंतर जवळजवळ काहीच उरले नाही.

चेसापीक एनर्जी या वायू कंपनीचे प्रमुख ऑब्रे मॅक्लेंडन या काळातले सर्वांत ठळक नाव. या कंपनीकडून आणि तिच्याशी संबंधित लोकांकडून २००७ ते २०१० मध्ये सिएरा क्लब या मोठ्या पर्यावरण संघटनेला अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी दिलेला हा पैसा २०१२ मध्ये उघडकीस आला. ज्या वर्षांत फ्रॅकिंगवर सर्वाधिक प्रश्न विचारायला हवे होते, त्याच वर्षांत ते विचारणाऱ्या संघटनेच्या तिजोरीत वायूचा पैसा होता, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत दुःखद पान वाटते. मॅक्लेंडन यांच्यावर १ मार्च २०१६ रोजी भाडेपट्ट्यांच्या बोलीत संगनमत केल्याचा आरोप ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि तो खटला तिथेच संपला.

आता परत येणाऱ्या पाण्याकडे वळू. विहिरीतून वायूबरोबर खारे पाणी येते. मार्सेलसचे पाणी समुद्राच्या पाच-सहा पट खारट असू शकते आणि त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि किरणोत्सारी रेडियम असते. हे पाणी दुसऱ्या एखाद्या कारखान्यातून आले असते तर घातक कचरा ठरते की नाही याची चाचणी द्यावी लागली असती. पण १९८० मध्ये टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्टसन यांच्या दुरुस्तीने तेल-वायूच्या कचऱ्याला तात्पुरती सूट मिळाली आणि १९८८ मध्ये ईपीएने ती कायम केली. पेनसिल्व्हेनियात हे पाणी सुरुवातीला शहरांच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत पाठवले जात होते. ही केंद्रे जैविक मैला काढण्यासाठी बांधलेली असतात, विरघळलेले क्षार त्यांतून सरळ पार होतात. ब्रोमाइड नदीत गेले, खालच्या गावांनी तेच पाणी क्लोरीन घालून प्यायले, आणि क्लोरीन व ब्रोमाइड यांची पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्रिया होऊन कर्करोगाशी संबंध असलेली ट्रायहॅलोमिथेन संयुगे तयार होतात. एप्रिल २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना हे थांबवण्याची 'विनंती' केली. देशभरात कायद्याने बंदी आली ती २०१६ मध्ये.

नदीत सोडता येत नाही, मग ते पाणी जमिनीत खोल दाबतात. ओक्लाहोमात काय झाले ते इथे पाहण्यासारखे आहे. २००८ पर्यंत त्या राज्यात ३ किंवा अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी एक-दोन होत. २०१५ मध्ये ते सुमारे ९०० झाले. यात समजुतीचा एक घोटाळा नेहमी होतो: हे बहुतांश पाणी फ्रॅकिंगचे वापरलेले पाणी नव्हते. तिथल्या काही थरांत तेलाच्या एका पिंपामागे दहा किंवा त्याहून अधिक पिंपे प्राचीन खारे पाणी वर येते. ते अर्बकल नावाच्या खोल चुनखडीच्या थरात परत सोडत. हा थर पाणी सहज गिळतो, म्हणून तो स्वस्त. पण त्याच्या लगेच खाली कठीण पायाभूत खडक आहे आणि त्यात जुने भ्रंश, म्हणजे दोन्ही बाजू सरकू शकतील अशा भेगा, आहेत. भ्रंशाच्या दोन बाजू वरच्या वजनाने एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. भेगेत पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते आणि साठलेला ताण सुटतो. यात विहिरीपासून अनेक किलोमीटर दूर आणि काही महिन्यांनी, वर्षांनीही भूकंप होऊ शकतो, म्हणून 'आमच्या विहिरीजवळ काही झाले नाही' या बचावाला अर्थ नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये प्राग या गावाजवळ ५.७ आणि ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. पॉनीचा धक्का त्या राज्याच्या नोंदींतला सर्वांत मोठा.

कारण कळायला एवढी वर्षे का लागली? अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यातले आणि विद्यापीठांतले संशोधक पाण्याकडे बोट दाखवत होते. राज्याचे भूगर्भ सर्वेक्षण मात्र ओक्लाहोमा विद्यापीठाच्या छत्राखाली चालते. कॉन्टिनेन्टल रिसोर्सेस या तेल-वायू कंपनीचे संस्थापक, अब्जाधीश हॅरल्ड हॅम यांनी २०११ मध्ये या विद्यापीठाला मधुमेह केंद्रासाठी २ कोटी डॉलर दिले होते, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन त्याच वेळी हॅम यांच्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याच्या भूकंपतज्ज्ञांना या दोघांसमोर बोलावले गेले. २०१४ मधला विद्यापीठातल्या अधिष्ठात्यांचा एक ईमेल पुढे प्रसिद्ध झाला. भूकंपांवर काम करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना काढावे अशी हॅम यांची इच्छा असल्याची नोंद त्यात आहे. हॅम यांनी दबाव आणल्याचा इन्कार केला. कोणालाही काढले गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण बहुतेक भूकंप पाणी दाबण्यामुळे होत असावेत अशी कबुली राज्याच्या सर्वेक्षणाने दिली ती एप्रिल २०१५ मध्ये. २०१६ मध्ये बाधित टापूत सोडायच्या पाण्यात सुमारे ४० टक्के कपात लागू झाली आणि त्यानंतर भूकंपांची संख्या वर्षागणिक उतरत गेली. म्हणजे उपाय साधा होता आणि लागूही पडला. उशिराची किंमत मात्र ज्यांच्या विटांच्या भिंती तडकल्या आणि धुराडी कोसळली, त्यांनी मोजली.

याच राज्यात नव्या विहिरींवरचा कर पहिली तीन वर्षे अवघा दोन टक्के ठेवण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला. मोठ्या कंपन्यांनी तो आग्रहाने मागितला होता. राज्याची तिजोरी आटली आणि २०१८ मध्ये शिक्षक संपाच्या तयारीत असताना तो पाच टक्के करावा लागला.

लोकांनी मतपेटीतून विरोध केला तर काय होते, तेही पाहा. टेक्सासमधल्या डेंटन शहरात ४ नोव्हेंबर २०१४ रोजी ५९ टक्के मतदारांनी शहराच्या हद्दीत फ्रॅकिंगला बंदी घातली. १८ मे २०१५ रोजी राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. ओक्लाहोमानेही त्याच महिन्यात तसाच कायदा केला. कोलोरॅडोत २०१८ मध्ये घरे आणि शाळांपासून विहीर किमान २,५०० फूट, म्हणजे साधारण ७६० मीटर दूर ठेवण्याचा प्रस्ताव लोकमताला गेला. उद्योगाने विरोधात सुमारे ४ कोटी डॉलर खर्च केले आणि प्रस्ताव पडला. अंतराचा हा आग्रह भावनेपोटी नव्हता. पिट्सबर्ग विद्यापीठाने पेनसिल्व्हेनियात केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विहिरीपासून एक मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांत लिम्फोमा या कर्करोगाचे प्रमाण पाच ते सात पट आढळले, दम्याचे झटकेही वाढलेले आढळले. ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशी, मात्र संबंध दिसला नाही. आणि मार्सेलस हाच खडक न्यू यॉर्क राज्याखालीही आहे. आरोग्यविषयक पाहणीनंतर त्या राज्याने डिसेंबर २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावरच्या फ्रॅकिंगला बंदी जाहीर केली. खडक तोच असताना सीमेच्या दोन बाजूंना दोन टोकांचे निर्णय झाले.

विहीर संपल्यावर ती सिमेंटने बुजवायची असते. त्यासाठी कंपनीकडून अनामत घेतात. केंद्राच्या जमिनीवर ही अनामत एका भाडेपट्ट्याला १०,००० डॉलर आणि संपूर्ण राज्यातल्या सगळ्या विहिरींना मिळून २५,००० डॉलर होती. हे आकडे १९५० ते ६० च्या काळात ठरले आणि २०२४ पर्यंत तसेच राहिले. एक विहीर बुजवून जागा पूर्ववत करायलाच अनेक हजार डॉलर लागतात, तिथे शेकडो विहिरींना २५,००० म्हणजे काहीच नाही. शेवटच्या वर्षांत विहीर लहान कंपनीला विकली जाते, ती दिवाळ्यात जाते आणि विहीर बेवारस होते. २०२१ मध्ये काँग्रेसने अशा विहिरी बुजवायला ४७० कोटी डॉलर मंजूर केले. हा पैसा करदात्यांचा.

शेवटचा मुद्दा आपल्याशी थेट जोडलेला आहे: मिथेनची गळती. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार अमेरिकेत उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के वायू गळतो, सरकारी अंदाजाच्या सुमारे १.६ पट. गळती साधारण तीन टक्क्यांच्या पुढे गेली की नजीकच्या काळासाठी कोळशावरची आघाडी संपते. त्यावर वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करायला ८ ते १० टक्के वायू खर्ची पडतो आणि मग समुद्रप्रवास. गळतीच्या जागाही ठरलेल्या आहेत: टाक्यांची नीट न बसलेली झाकणे, वायूच्याच दाबावर चालणाऱ्या आणि प्रत्येक हालचालीला थोडा वायू सोडणाऱ्या झडपा, कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे झिजलेले पॅकिंग, नको असलेला वायू जाळण्यासाठीच्या पण विझलेल्या मशाली. झडपा दाबलेल्या हवेवर चालवणे, टाकीची वाफ पकडून पुन्हा नळात घालणे, दर तिमाहीला इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तपासणी करणे, हे सारे आज बाजारात मिळते.

यासाठीच २०२२ च्या कायद्याने ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या गळतीवर टनाला ९०० डॉलरपासून सुरू होऊन २०२६ मध्ये १,५०० डॉलरपर्यंत जाणारे शुल्क लावले होते. मे २०२४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने वृत्त दिले की डोनाल्ड ट्रम्प यांनी तेल-वायू उद्योगाच्या प्रमुखांना जेवणाला बोलावून १०० कोटी डॉलरचा निवडणूक निधी मागितला. हॅरल्ड हॅम त्या जेवणाला होते. फ्रॅकिंगची सेवा देणाऱ्या लिबर्टी एनर्जीचे प्रमुख क्रिस राइट फेब्रुवारी २०२५ मध्ये ऊर्जामंत्री झाले. मार्च २०२५ मध्ये शुल्कवसुलीचा नियम रद्द झाला आणि जुलैमधल्या कायद्याने शुल्कच २०३४ पर्यंत पुढे ढकलले.

अमेरिकेचा कायदा आपण बदलू शकत नाही. परंतु खरेदीदार म्हणून अट घालता येते. युरोपीय संघाने २०२४ च्या मिथेन नियमावलीत ऑगस्ट २०२४ नंतर झालेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या आयात करारांसाठी जानेवारी २०२७ पासून उत्पादकाकडून गळतीची मोजणी, नोंद आणि पडताळणी मागितली आहे. 'गेल'ने निदान एवढे जाहीर करावे: आपल्या जहाजांत येणारा वायू प्रामुख्याने कोणत्या खोऱ्यातला आहे, तिथली गळती अंदाजाने काढली आहे की प्रत्यक्ष मोजली आहे, आणि मोजली असल्यास ती मोजणारी संस्था उत्पादक कंपनीपासून स्वतंत्र आहे का. कराराच्या पुढच्या फेरबोलणीत ही मोजणी विक्रेत्याच्या खर्चाने दरवर्षी व्हावी, असे एक कलम घालायला हवे.

आपला,
एक वाचक